भीमगडची वाट

बेळगावाहून लोंढ्याच्या दिशेने जाणारा लोहमार्ग देसूर, इदलहोंड, खानापूर ही स्थानके मागे टाकून गुंजीस पोहोचतो त्या वेळी खिडकीबाहेरचा मुलूख पालटलेला असतो. भाताच्या खाचरांची सलगता तुटते, लाल मातीचे बांध झाडीत शिरून दिसेनासे होतात, आणि पश्चिमेच्या क्षितिजावरची जी निळसर रेघ इतका वेळ केवळ शोभेची वाटत होती ती डोंगर होऊन समोर उभी राहते. पंचक्रोशीत गुंजीचे नाव आहे ते माउली देवीच्या स्थानामुळे, आणि देवीच्या दर्शनाखेरीज अन्य कामासाठी येथे उतरणारा परका माणूस विरळाच; तथापि खानापूर तालुक्यातील रानाचा, त्या रानातील नद्यांचा आणि त्यांच्या पोटात दडून बसलेल्या भीमगडाचा परिचय ज्याला करून घ्यावयाचा असेल त्याने मुक्कामासाठी हेच गाव निवडावे, असे माझे मत आहे. बेळगावात गडाची चौकशी केली तर तो ‘बंद असतो’ एवढेच कळते. गुंजीत केली तर कोणाच्या तरी आत्याचे सासर रानातल्या एखाद्या गावी निघते, आणि निम्मे काम तेथेच होते.

खानापूर हा पाण्याच्या वाटणीचा तालुका आहे. कणकुंबीस उगम पावणारी मलप्रभा पूर्वेस वळते आणि दख्खनचे पठार ओलांडून, कूडलसंगमास कृष्णेला मिळून, बंगालच्या उपसागराची वाट धरते. तिच्या उगमापासून फारशी दूर नसलेली, देगावच्या रानात जन्मणारी म्हादई मात्र पश्चिमेस वळून सत्तरीतून गोव्यात उतरते आणि मांडवी या नावाने पणजीपाशी अरबी समुद्रास मिळते. तर लोंढ्याच्या बाजूची पांढरी नदी काळी नदीत शिरून कारवारकडे जाते. म्हादईच्या पाण्याच्या वाटपासाठी २०१० साली लवाद नेमावा लागला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याचा निवाडा होऊन कर्नाटकाच्या वाट्यास १३.४२, गोव्याच्या वाट्यास २४ आणि महाराष्ट्राच्या वाट्यास १.३३ अब्ज घनफूट पाणी आले. परंतु तेवढ्याने कोणत्याच पक्षाचे समाधान झाले नाही आणि कळसा व भांडुरा या वादात सापडलेल्या दोन ओढ्यांची नावे, ज्यांनी ती कधी पाहिली नाहीत अशा लोकांच्याही तोंडी आजतागायत आहेत. ज्या डोंगरावरून हे सारे पाणी खाली येते तो चढून पाहण्याची उत्सुकता त्या मानाने फारच थोड्यांना वाटते.

भीमगड या म्हादईच्या खोऱ्यात, तिच्या उगमाजवळच्या निबिड अरण्यात उभा आहे. सुमारे १३८० फूट लांब आणि ८२५ फूट रुंद असा त्याचा माथा. भोवताली सर्व बाजूंनी खोल तुटलेले कडे, आणि त्या कड्यांनीच तटबंदीचे बहुतेक काम केलेले असल्यामुळे बांधकाम करणाराला जेथे निसर्ग अपुरा पडला तेवढीच जागा चिरे रचून भरून काढावी लागली. शिवकालात, गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवण्यासाठी हा गड उभारला गेला असे मानले जाते, आणि गडाची जागा पाहता हा हेतू सहज पटण्याजोगा आहे. कारण खालच्या अंगाची सत्तरी ही पोर्तुगीज अंमलाला कधीही पुरती न मानवलेली भूमी होती, आणि १८५२ साली दिपाजी राणे यांनी पुकारलेल्या बंडाच्या काळातही या घाटमाथ्यावरील रानाची भीती सरकारला गोव्यातल्या शहरांहून अधिक वाटली असल्यास नवल नाही. एखादी अजरामर लढाई मात्र भीमगडाच्या नावावर नाही. ना शाहीर त्याच्या वाट्यास आला, ना बखरकार. शिबंदी राहिली, पाऊस झेलला, वाटा राखल्या, आणि अंमल बदलल्यावर माणसे उतरून गेली. किल्ल्यांच्या नशिबी असे निनावी आयुष्य येणे हेच वास्तविक सार्वत्रिक आहे. आपण नामांकित गडांवरूनच साऱ्यांचा अंदाज बांधतो एवढेच.

येथे पारगडाची आठवण होते. चंदगड तालुक्यातील तो गडही याच सरहद्दीवरचा, याच हेतूने उभारलेला; परंतु त्यावर गडकऱ्यांच्या वंशजांची वस्ती टिकून राहिली, गडाला पायऱ्या राहिल्या, देवळात दिवा राहिला, आणि कालांतराने पायथ्यापर्यंत डांबरी सडकही पोहोचली. भीमगडाची वस्ती उठली. १८१८ च्या एप्रिलात बेळगावचा किल्ला जनरल मन्रोच्या स्वाधीन झाल्यावर या भागात कंपनी सरकारचा अंमल आला, आणि पुढे सरकारच्या लेखी या डोंगराचे मोल किल्ल्यापेक्षा लाकडामुळे अधिक ठरले. रानात कुमरी, म्हणजे फिरती शेती, करून नाचणी-वरी पिकवणाऱ्या लोकांना जंगलखात्याने त्या शेतीपासून हळूहळू मज्जाव केला, रान राखीव झाले, आणि गड त्या राखीव रानातील एक उंचवटा म्हणून नकाशात शिल्लक राहिला. २०११ च्या डिसेंबरात सुमारे १९० चौरस किलोमीटरचे हे अरण्य भीमगड वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. म्हणजे ज्याच्या नावाने अभयारण्य ओळखले जाते त्या गडावर जाणे अभयारण्यामुळेच दुर्घट झाले. यात कोणाला विसंगती दिसेल. मला ती फारशी दिसत नाही. गव्या-अस्वलांच्या घरातून जावयाचे तर परवाना मागावा लागणे रास्तच आहे, आणि अर्ज लिहिताना होणारा खटाटोप हा चढाच्या मानाने क्षुल्लक आहे.

खानापुराहून हेमाडग्याकडे जाणारा रस्ता शिरोलीनंतर झाडीत शिरतो. दुतर्फा ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ आणि मधूनमधून बांबूची बेटे. हिवाळ्याच्या सकाळी उन्हाचे कवडसे रस्त्यावर यायलाही नऊ वाजतात. पाट्या कानडीत, बोलणे मराठीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर दोन पिढ्या उलटल्या तरी गवाळी, कोंगळा, पास्तोली, देगाव, कृष्णापूर, तळेवाडी, आमगाव या रानातल्या गावांची भाषा पालटलेली नाही, आणि सरकारी कागद वाचून घ्यायला मुलांपैकी कोणाला तरी हाक मारावी लागते. पावसाळ्यात ओढे फुगले की यांतली काही गावे जगापासून तुटतात. आजारी माणसाला बांबूच्या डोलीत घालून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणण्याचा प्रसंग दरसाल कोठे ना कोठे येतोच. आमच्याबरोबर वाटाड्या म्हणून आलेले गृहस्थ याच गावांपैकी एकातले, साठी उलटलेले, कमरेला लाकडी आकडी व तीत अडकवलेला कोयता, पायात प्लास्टिकच्या चपला. माझ्या पायातील जाड तळाच्या बुटांकडे त्यांनी एकवार पाहिले आणि काही न बोलता ते पुढे चालू लागले.

वाट म्हणून जिला म्हणावे ती पहिल्या घटकाभरातच संपली. त्यापुढे होती ती वाटेची अनेक रूपे: कोठे ओढ्याचे कोरडे पात्र, कोठे कारवीतून गेलेली कमरेएवढी सांद, कोठे वाळक्या पानांच्या घोटाबुडी थराखाली हरवलेला आणि पलीकडच्या दरडीवर पुन्हा वर आलेला एखादा माग. आडव्या पडलेल्या झाडांना वळसा घालून जावे तर वळशाचीच नवी वाट तयार झालेली, तीही पुढच्या पडझडीने तुटलेली. एके ठिकाणी दोन चांगल्या रुळलेल्या वाटा फुटल्या होत्या, आणि त्यांतली रुंद, सोयीची, चढाला हलकी अशी वाट धरून आम्ही निघणार तोच वाटाड्या मामांनी मागून हटकले.

“तिकडं नको सर. ही आमची वाट न्हवं, गव्याची हाय.”

“कशावरून, मामा?”

“वर बगा की. कुटं कोयत्याचा वार दिसतोय?”

मग त्यांनी ते उलगडून दाखवले. माणूस चालतो ती वाट उंचीला ओळखावी; तिच्या दोन्ही अंगांच्या फांद्या छातीपासून डोक्यापर्यंतच्या टापूत तिरप्या वाराने तुटलेल्या असतात, जुन्या वारावर साल चढून गाठ धरते, नवा वार पांढरा असतो, आणि या गाठींवरून वाट किती वर्षे चालती आहे याचाही अंदाज बांधता येतो. गव्याच्या वाटेवर फांद्या कापलेल्या नसतात, रेटल्याने चिरफाळून मोडलेल्या असतात. जमीन खुरांनी दबून रुंद झालेली असते, बुंध्यांवर अंग घासल्याने चिखलाचा लेप बसलेला असतो, आणि अशी वाट नेहमी पाण्याकडे किंवा गवताकडे जाते, गडाकडे जात नाही. आमच्या अरुंद वाटेवरच्या एका करवंदीच्या जाळीपाशी त्यांनी बोट ठेवले: कापलेल्या खुंटाला तीन गाठी होत्या, एकीवर एक, आणि सर्वांत वरचा वार अजून ओलसर पांढरा होता. तो त्यांचा स्वतःचा, आदल्या पंधरवड्यातला. बाकीचे कोणाचे ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

ओढा ओलांडल्यावर खरा चढ लागतो. उत्तरेकडील गडांवर हिंडलेल्या माणसाला येथे प्रथम चुकल्यासारखे होते. कारण राजगड-तोरण्याच्या परिसरात बेसाल्टचे थर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले असतात, एक कडा चढला की एक सपाटी मिळते आणि दम खाण्याची सोय भूगर्भानेच करून ठेवलेली असते. बेळगावच्या दक्षिणेस दख्खनच्या या काळ्या कातळाची सत्ता संपत येते, त्याखालचे कितीतरी अधिक प्राचीन खडक उघडे पडू लागतात, जांभा येतो, चुनखडक येतो, आणि डोंगराचा आकार मऊ व फसवा होतो. दुरून हिरवीगार उतरण दिसते. तीवर पाऊल ठेवले की सुट्या दगडांचा घसारा पायाखालून निसटतो आणि आधारासाठी धरावे ते झुडूप मुळासकट हातात येते. कारवी तेवढी इमानी. तिचे काष्ठ बारीक, परंतु मुळे चिवट. तिच्या दांड्याला धरून एकेक पाऊल वर टाकीत गेलो की उभी चढण सोसवते. मधल्या टप्प्यात मोठमोठ्या शिळांची एक घळ आहे, तिच्यातून वर जाताना हात आणि गुडघे यांना पायांइतकेच काम पडते, आणि एकाने पूर्ण वर गेल्याखेरीज दुसऱ्याने खाली उभे राहू नये. वरून सुटणारा दगड कोणाचाही मुलाहिजा ठेवीत नाही.

पावसाळ्यात येथे जळवांचे राज्य असते. हिवाळ्यात त्या नाहीत म्हणून निर्धास्त होणाराला गोचिडांची खबर असावी. गेल्या दशकात गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग या, येथून फार लांब नसलेल्या, भागांत माकडतापाने माणसे दगावली आहेत. हा रोग गोचिडांच्या चाव्याने पसरतो आणि त्याचा हंगाम सामान्यतः डिसेंबर ते मे असा, म्हणजे नेमका भटक्यांच्या हंगामाशी जुळणारा आहे. रानात माकड मेलेले आढळले तर त्याच्या जवळही न जाता जंगलखात्याला कळवावे. अंगभर कपडे, पायमोज्यांत खोचलेली विजार, आणि उतरल्यावर अंग बारकाईने तपासून ऊन पाण्याने आंघोळ, एवढे पाळले तरी धोका पुष्कळ कमी होतो. अस्वलाविषयी मामांचा उपाय साधा होता: दाट जागी शिरताना खाकरायचे. अस्वलाला अवचित माणूस भेटला की ते धावून येते, आधी आवाज आला तर वाट सोडते. ते स्वतः दर वळणावर खाकरत होते, आणि मी आरंभी त्यांना खोकला झाला असावा असे समजत होतो.

माथा येतो तो असा न सांगता. घळ संपते, झाडी संपत नाही. केवळ चढ थांबतो, आणि पानांआड रचलेल्या चिऱ्यांची एक ओळ दिसते. दरवाज्याची जागा अंदाजाने ओळखावी लागते. तटाच्या दगडांत उंबराच्या मुळ्या शिरून त्यांनी दगड उचलले आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी आता तट झाडाच्या आधाराने उभा आहे की झाड तटाच्या, हे सांगणे कठीण. आत जोती आहेत, पाण्याची जागा आहे, आणि सर्वत्र गुडघाभर गवत व झुडपे आहेत. कचरा मात्र नाही, ही गोष्ट आजकाल गडांवर दुर्मिळ. ज्याला भव्य वास्तू पाहावयाची असेल त्याने येथे येण्याचे श्रम घेऊ नयेत. भीमगडाचे खरे वैभव त्याच्या कड्यावर आहे. पश्चिमेच्या टोकाशी उभे राहिले असता खाली म्हादईचे खोरे एका दृष्टिक्षेपात येते: नदी दिसत नाही, परंतु तिच्या काठची झाडी इतर रानाहून गर्द हिरवी असल्यामुळे तिचा मार्ग ओळखता येतो, आणि तो मार्ग डोंगरांच्या एकामागून एक सरणाऱ्या फण्यांतून गोव्याच्या धुरकट सखल भागाकडे जाताना दिसतो. येथे बसलेल्या पहारेकऱ्याला धूर दिसला असता, दिवट्या दिसल्या असत्या, आणि दिवसभर चालत येणाऱ्या फौजेची वार्ता फौजेच्या आधी पोहोचवता आली असती. सह्याद्रीतील गडाची जागा निवडणाऱ्यांनी कोठे पैसा खर्चावा आणि कोठे खर्चू नये याचा हिशेब किती चोख ठेवला होता हे समजण्यासाठी पडक्या गडासारखे साधन नाही. नांदत्या गडावर बांधकाम डोळ्यांत भरते आणि जागेकडे दुर्लक्ष होते. आम्ही बसलो असताना राजधनेशांची एक जोडी दरीवरून गेली. तिच्या पंखांचा सों-सों आवाज तोफेच्या पल्ल्याहूनही दूर ऐकू जात असावा.

या गडाच्याच परिसरात बारापेडेची चुनखडकातील गुहा आहे, आणि जगाच्या विद्वत्समाजात या रानाची जी कीर्ती आहे ती भीमगडामुळे नव्हे, या गुहेमुळे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची जी पाहणी आरंभली तिच्या ओघात या गुहेत मोकळ्या शेपटीचे, लांब कानांचे एक वटवाघूळ सापडले. १९१३ साली लंडनच्या ओल्डफील्ड टॉमस यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या पाहणीमागची प्रेरणा असलेले, मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातील निवृत्त अधिकारी रॉटन यांचे नाव त्यास दिले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे या जातीचा ठावठिकाणा म्हणून साऱ्या पृथ्वीवर या एकाच गुहेची नोंद होती. शतक पालटताना कंबोडियात आणि मेघालयात ते आढळले, तेव्हा बारापेडेचे एकमेवपण संपले, महत्त्व संपले नाही. मामांना या कशाचाही पत्ता नव्हता असे समजू नये. गुहेत साहेब लोक येऊन ‘वाघळं मोजतात’ हे त्यांना ठाऊक होते, आणि धूर केला तर ती उठून जातात म्हणून तेथे कोणी विस्तव करीत नाही, हेही.

उतरताना आम्ही तळेवाडीच्या अंगाने आलो. या गावातील २७ कुटुंबांनी रान सोडून बाहेर स्थलांतर करण्यास स्वखुशीने संमती दिली आणि २०२५ साली सरकारने त्यांना नुकसानभरपाईचे धनादेश दिले. दवाखाना, शाळा, वीज, मोबाइलचा संपर्क, यांपैकी ज्या गोष्टी आपण गृहीत धरतो त्यांच्यासाठी ज्यांच्या पिढ्या खपल्या त्यांनी रान सोडले तर त्यांना बोल लावण्याचा अधिकार शहरात राहून रानाचे गोडवे गाणाऱ्यांना नाही. आणि माणसांची वर्दळ उठल्यावर वाघाला, सांबराला, गव्याला मोकळीक मिळेल हेही खरे. परंतु या व्यवहारात एक वस्तू कोणाच्याच दप्तरात नोंदली गेलेली नाही, ती म्हणजे वाट. जंगलखात्याला गडावरची वाट राखण्याचे कारण नाही. पुरातत्त्वाशी संबंधित मंडळी गडापर्यंत क्वचितच पोहोचतात. हौशी भटके वर्षाकाठी येतात ते मळलेल्या वाटेच्या शोधात येतात, वाट मळावी म्हणून येत नाहीत. ती आजवर चालती राहिली ती मध, शिकेकाई, हिरडा, कारवीची काटकी आणि चुकलेली गुरे यांच्यामागे जाणाऱ्या पायांमुळे, आणि जाता जाता सवयीने मारलेल्या कोयत्याच्या घावांमुळे. ती माणसे उठली की दोन पावसाळ्यांत कारवी वाट मिटवील, तिसऱ्यात घसारा. मग भीमगड पुन्हा निव्वळ नकाशातला उंचवटा होईल, किंवा कोणाच्या तरी योजनेत सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडे घेऊन येईल. या दोहोंतून निवडावयाचेच झाले तर मी पहिली गत पत्करीन. मात्र तिसरा मार्गही आहे. हेमाडग्याच्या बाजूस खात्याचे निसर्ग शिबिर आहेच. बाहेर पडलेल्या कुटुंबांतील चार-दोन जाणत्या माणसांना वाटाडे म्हणून रीतसर नेमून, ठरावीक महिन्यांत, मोजक्या माणसांच्या टोळीसच त्यांच्यासोबत गडावर जाण्याचा परवाना दिला, तर वाटही राहील, रानही राहील, आणि ज्यांना ती वाट पाठ आहे त्यांना तिचा मोबदला मिळेल.

ज्यांना जावयाचे आहे त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. पावसाचे पाणी उतरल्यावर, डिसेंबर-जानेवारीत जावे. खानापूरला वनखात्याच्या कार्यालयात आगाऊ अर्ज करावा आणि परवाना नाकारला गेल्यास आडवाटेने शिरू नये. माणशी तीन लिटर पाणी बरोबर घ्यावे, कारण गडावरचे पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. बारापेडेच्या गुहेत विजेऱ्या घेऊन गर्दी करू नये, विस्तव तर कोठेच पेटवू नये. आणि वाटाड्याशी मजुरीची घासाघीस करू नये. त्याच्या कोयत्याखेरीज ती वाट तुम्हांला दिसणार नाही.